लिंबाच्या फांदीवरची मुंगी

आई काय काम करते असं कोणी विचारलं, की बाबा सांगायचे, "चित्रं काढते."

"काढत नाही," आई लगेच म्हणायची. "दुसऱ्यांनी काढलेल्या चित्रांचे फोटो काढते. आणि तेही असे, की बघणाऱ्याला आपण फोटो बघतोय असं वाटू नये."

"म्हणजे करून न केल्यासारखं."

"तेच तर अवघड असतं."

पाहुण्यांसमोर हा संवाद इतक्या वेळा झाला होता, की तो सुरू झाला की मी चहा टाकायला आत जायचे. बाबांना आईचं म्हणणं कधी पटलं नाही, कारण त्यांचा धंदाच उलटा होता. ते दुकानांचे बोर्ड रंगवायचे आणि प्रत्येक बोर्डाच्या खालच्या कोपऱ्यात, अंगठ्याच्या नखाएवढ्या अक्षरांत, स्वतःचं नाव घालायचे. त्यांच्याबरोबर बाजारातून चालताना ते दुकानं बघायचे नाहीत, कोपरे बघायचे. "हा माझा. हाही माझा. हा नाही, अक्षरं बघ, दारू पिऊन उभी राहिल्यासारखी आहेत."

आई शहरातल्या जुन्या ग्रंथालयाच्या तळघरात नोकरीला होती. तिच्या खोलीत वर कॅमेरा, दोन्ही बाजूंना दिवे आणि मध्ये पुस्तक ठेवायचा पाळण्यासारखा आधार होता. जुनं पुस्तक पूर्ण उघडलं तर त्याची पाठ मोडते, म्हणून त्याला त्या पाळण्यात अर्धवट उघडं झोपवायचं. भिंती राखाडी, छतही राखाडी. कामावर जाताना आई काळे किंवा राखाडी कपडेच घालायची, कारण अंगावरचा रंग पांढऱ्या पानावर उतरतो. आपल्या डोळ्यांना कळत नाही, कॅमेऱ्याला कळतो. हातात अंगठी नाही, मनगटावर घड्याळ नाही. काही चमकलं की त्याचा ठिपका पानावर. बटण दाबण्याआधी ती "थांबा" म्हणायची, आणि खोलीतला प्रत्येक जण होता तिथे थिजायचा. पावलाच्या धक्क्यानेही चित्र हलतं. तिच्या एका सहकाऱ्याला सगळे बोका म्हणायचे. तो चालला तरी चित्र हलत नसे.

बाबांनी एकदा तिला लालभडक स्वेटर आणून दिला. "सगळं आयुष्य काय भिंतीच्या रंगात काढणार?" तिने तो घेतला, गालाला लावून बघितला आणि सुट्टीच्या दिवशी घरात घालायला ठेवला.

ती हिवाळा संपता संपता गेली. आजार छोटा होता, किंवा आम्हाला तो शेवटपर्यंत छोटा वाटत राहिला. मी तिचं कपाट आवरायला घेतलं तेव्हा सगळ्या काळ्या-राखाडी घड्यांच्या तळाशी तो स्वेटर निघाला, कोपरही न घासलेला. मी कपाट परत लावून घेतलं. अजून ते तसंच आहे.

ग्रंथालयाच्या हक्क विभागाच्या बाई घरी आल्या तेव्हा बाबा खिडकीशी बसून ब्रश धूत होते. काम थांबवून त्यांना काही वर्षं झाली होती, पण ब्रश ते अजूनही धुवायचे. "वापरले का आज?" असं विचारलं, की म्हणायचे, "धूळ बसते."

बाई आईच्या सहकारी, वयाने लहान. जुन्या चित्रांच्या प्रती कोणाला छापायच्या असतील तर परवाना त्यांच्याकडून घ्यावा लागे. आईला त्या ताई म्हणायच्या आणि आई त्यांना पाठीमागे "कुलूप" म्हणायची, पण प्रेमाने.

"काका, कसे आहात?"

"आहे," बाबा म्हणाले.

मग बाईंनी पिशवीतून एक पाकीट काढलं आणि मांडीवर ठेवलं. "एक चांगली गोष्ट सांगायला आलेय. ताईंचं नाव द्यायचं ठरतंय. त्यांनी फोटो काढलेल्या प्रत्येक चित्राखाली."

बाबांच्या हातातला ब्रश थांबला. "कुठे म्हणालात?"

"प्रत्येक चित्राखाली. वेबसाइटवर, कार्डांवर, कॅलेंडरांवर. 'छायाचित्र', आणि पुढे त्यांचं नाव."

"कोपऱ्यात?"

"खाली, डावीकडे."

"मी उजवीकडे घालायचो," बाबा म्हणाले. "पण डावीकडे का असेना." आणि त्यांनी चेहरा खिडकीकडे फिरवला.

मी पाकीट उघडलं. आत टाइप केलेलं एक निवेदन होतं आणि खाली माझ्या सहीसाठी जागा होती. मी एका प्रकाशनाकडे मुद्रितं तपासते. कागद हातात आला की आधी पेन्सिल शोधायची सवय. "माझ्या आईने मूळ चित्रांकडे स्वतःच्या कलादृष्टीने पाहून त्यांना नवे रूप दिले, हे तिने मला वेळोवेळी सांगितले होते."

"हे कोणी लिहिलं?"

"वकिलांनी."

"आई असं कधी म्हणाली नाही."

"शब्द बदल हवे तर," बाई म्हणाल्या. "पण आधी पूर्ण ऐकून घे."

प्रकरण असं होतं. ग्रंथालयात वनस्पतींच्या चित्रांचा एक मोठा संग्रह आहे. ती रंगवणाऱ्या चित्रकाराला जाऊन दोनशे वर्षं होत आली. त्या चित्रांवर आता कोणाचाच हक्क नाही. ती सगळ्यांची झाली आहेत, आणि हे ग्रंथालयालाही मान्य आहे. पण त्या चित्रांचे फोटो आईने काढलेले, म्हणजे नवे. म्हणून ग्रंथालय म्हणतं की फोटोंवर आमचा हक्क आणि छापायचे तर आमचा परवाना हवा. एका लहान गावातल्या शाळेच्या शिक्षिकेने मुलांना झाडं ओळखता यावीत म्हणून एक पुस्तक केलं आणि त्यात हे फोटो विचारल्याशिवाय घातले. ग्रंथालयाने पुस्तक मागे घ्या अशी नोटीस धाडली. शिक्षिकेने उलट लिहिलं, की जे चित्र सगळ्यांचं आहे त्याची हुबेहूब नक्कल एकट्या तुमची कशी?

"हुबेहूब हाच मुद्दा आहे," बाई म्हणाल्या. "नुसती नक्कल असेल तर आपण हरतो. काढणाऱ्याने स्वतःचं काही घातलं असेल तर जिंकतो. ताई आता सांगायला नाहीत. म्हणून घरच्यांनी सांगावं असं वकील म्हणतात."

"आणि सही केली तरच नाव?"

बाई जरा ओशाळल्या. "फोटो त्यांची कलाकृती ठरली तरच कलाकार म्हणून नाव देता येईल ना. नाहीतर नुसतं यंत्र चालवणाऱ्याचं नाव कोण देतं?"

बाबा म्हणाले, "बोर्डावर मी दुकानाचंच नाव लिहायचो. माझं काही नव्हतं त्यात. तरी मी नाव घालायचो."

"काका, तुमच्यावर वकील नव्हते."

बाबा हसले. आई गेल्यापासून पहिल्यांदाच, म्हणून मला तो हसण्याचा आवाज ओळखायला क्षणभर लागला.

मग बाईंनी एक फोटो बाहेर काढला. मला तो न बघता माहीत होता. लिंबाची फांदी, दोन फळं, एक उमललेलं फूल आणि फुलाच्या देठाशी एक काळी मुंगी, पुढचे पाय उचललेली.

"ही मुंगी मूळ चित्रात नाही," बाई म्हणाल्या. "म्हणजे ही ताईंची भर. वकील यावर फार खूश आहेत."

आमच्या घरात त्या मुंगीचं नाव काढायची सोय नव्हती. जुन्या रंगांत डिंक असतो, कधी मधही असतो. एका उन्हाळ्यात तळघरात मुंग्या झाल्या आणि आईने लिंबाच्या चित्राच्या पानाचा फोटो घेतला त्या क्षणी एक मुंगी फुलाशी पोचली होती. खोलीतली सगळी माणसं थांबली होती, बहुधा तीही थांबली. आईला ती दिसली मोठ्या पडद्यावर, पुस्तक भांडारात परत गेल्यावर. तिने परवानगी काढून पुस्तक पुन्हा मागवलं, पान पुन्हा टिपलं आणि आधीचा फोटो बदला म्हणून वर कळवलं. पण वरच्या मजल्यावर तोवर पहिला फोटो निवडून झाला होता. तेव्हाचे प्रमुख म्हणाले, राहू द्या हो ताई, मुंगीमुळे जान आलीय. मग मुंगीला पंख फुटले. ती कार्डांवर गेली, पिशव्यांवर गेली, कॅलेंडरवर गेली. एका अभ्यासकाने जुन्या चित्रकाराच्या विनोदबुद्धीचं कौतुक करताना तिच्यावर अख्खा परिच्छेद लिहिला. आईच्या निरोपसमारंभात तिला तीच मुंगी असलेला मग भेट मिळाला. घरी आल्यावर तिने तो न उघडताच बाबांना दिला. बाबांचे ब्रश त्यातच उभे असतात. बाई बोलत होत्या तेव्हाही तो बाबांच्या कोपराशीच होता.

"ती चूक होती," मी म्हटलं. "आईने दुरुस्त केली होती."

"मला माहीत आहे," बाई म्हणाल्या. "पण ऐक. छप्पर गळतं आपलं. जुनी पुस्तकं शिवायला एकच माणूस उरलाय, त्याचा पगार या परवान्यांतून निघतो. सगळं फुकट दिलं तर उद्या चित्रं सगळ्यांची असतील, पण पुस्तकं वाळवी खाऊन जाईल. मी काही कोणाच्या वाईटावर नाही." हे त्या अगदी थकून म्हणाल्या, आणि मला ते खोटं वाटलं नाही.

त्या गेल्यावर बाबा म्हणाले, "सही कर."

"बाबा, त्यात लिहिलंय ते खरं नाही."

"तू पुस्तकांतल्या चुका काढतेस. एका तरी पुस्तकात तुझं नाव आहे का?"

"नाही."

"मग तुला काय कळणार. दोघी एका माळेचे मणी." त्यांनी ब्रश झटकला. "सगळा जन्म तळघरात उभी राहिली. कोण होती, काय होती, कोणाला ठाऊक नाही. मी रस्त्याने गेलो तर अजून चार कोपऱ्यांत सापडतो. ती कुठे सापडणार?"

मीही तिला शोधतच होते. आई गेल्यापासून मी तिचे फोटो उघडून बसायचे. वेबसाइटवर एकेक पान मोठं करायचं, आणखी मोठं करायचं, कागदाचे धागे दिसेपर्यंत. मला तिच्या बाहीची सावली हवी होती. एखाद्या सोनेरी कडेत, एखाद्या तकतकीत रंगाच्या थेंबात, दिव्यांच्या मागे उभ्या असलेल्या बाईची रेघ तरी. शेकडो पानं झाली. दिव्याचा डाग नाही, बोटाचं टोक नाही. आई कामात इतकी चांगली होती, की मला ती कुठे सापडत नव्हती.

म्हणून मी तळघरात गेले. निदान ती खोली तरी बघावी.

दार बोक्याने उघडलं. आता तोच विभाग बघतो. केस पिकलेत, पण पावलं अजून वाजत नाहीत. "ये," तो म्हणाला. "आपटत चाललीस तरी चालेल. आज कॅमेरा बंद आहे."

मी लिंबाचं पान बघायचंय म्हटलं, तेव्हा तो काही न विचारता भांडारात गेला आणि दोन्ही हातांवर, झोपलेलं मूल आणावं तसं पुस्तक घेऊन आला. पाळण्यात ठेवून त्याने पान उघडलं. मूळ चित्र मला वाटलं होतं त्यापेक्षा लहान होतं, आणि शांत होतं. फूल, देठ, दोन लिंबं. देठाशी कोरा कागद. खालच्या कोपऱ्यात एक फिकट तपकिरी डाग होता.

"हा डाग फोटोतही आहे," मी म्हटलं.

"असणारच. कोणाचं तरी ओलं बोट लागलं असेल, दोनशे वर्षांपूर्वी. वरून सांगितलं होतं, कॉम्प्युटरवर पुसून टाका, कार्डांवर बरं दिसत नाही. ताई म्हणाल्या, डाग त्याचा आहे, आपला नाही. राहू द्या." त्याने देठाशेजारच्या कोऱ्या जागेकडे बोट केलं. "मुंगी आपली होती. ती मात्र काढू दिली नाही वरच्यांनी."

"तुम्हाला विचारलं नाही वकिलांनी?"

"विचारलं ना. म्हटलं, मी दिवे लावतो. त्यापुढचं विचारू नका, माझी नोकरी आहे अजून."

त्याने दिवे लावले आणि पडद्यावर दोन फोटो शेजारी शेजारी आणले: मुंगीचा आणि आईने पुन्हा काढलेला, जो इतकी वर्षं कोणी बघितला नव्हता. "हिला ये म्हटलं नाही, तरी आली," तो मुंगीकडे बोट दाखवून म्हणाला. "आणि ताईंनी घाम गाळून काढलेला हा, त्याला कोणी विचारलं नाही. नशीब असतं एकेकाचं."

दुसऱ्या फोटोत काही नव्हतं. म्हणजे पान होतं. मी पडद्यावरून पानाकडे आणि पानावरून पडद्याकडे बघत राहिले, मुद्रित आणि मूळ प्रत ताडून बघावी तशी, आणि मला एकही खूण करता आली नाही. नीट बघता यावं म्हणून मी दिव्यांच्या जवळ, पाळण्याच्या कडेला जाऊन उभी राहिले.

"तिथे नको," बोका हळूच म्हणाला. "मागे हो जरा. तुझा निळा पडतोय."

मी निळे कपडे घातले होते. मी पानाकडे बघितलं. मला तर ते पांढरंच दिसत होतं.

"मला दिसत नाहीये."

"दिसत नाही. पडतो."

त्याने कॅमेरा सुरू केला, "थांबा" म्हणाला, आणि तो शब्द त्याने अगदी आईसारखा म्हटला, शेवट जरा खाली सोडून. पडद्यावर लिंबाचं पान आलं. एका कडेने कागद थंड, निळसर झाला होता, पहाटे भिंत दिसते तसा. ती मी होते. एका मिनिटात, काहीही न करता, मी त्या पानावर होते. आई सगळी नोकरी तिथेच उभी होती.

मी मागे सरले. बोक्याने तो फोटो पुसून टाकला. सही करणार का, हे त्याने विचारलं नाही.

घरी येऊन मी बाबांना हे सांगितलं. ते ऐकून घेत होते. मग म्हणाले, "म्हणजे तो स्वेटर तिने कामावर घातला असता, तर?"

"तर पानं गुलाबी आली असती."

"मग तरी कळलं असतं, कोणीतरी होतं तिथे."

"बाबा, ते कळू नये म्हणूनच ती काळे कपडे घालायची. आता मी लिहून द्यायचं, की ती हवं तसं रंगवत होती?"

"तू लिहून दे, नको देऊ. माझ्या म्हणण्याला काय किंमत!" ते उठले आणि आतल्या खोलीत गेले. जेवायला बोलावलं तर "भूक नाही" म्हणाले. ते खरं नव्हतं, कारण सकाळी डब्यात पोळी कमी होती.

मी निवेदनाच्या जागी दोन वाक्यं लिहून पाठवली. माझी आई म्हणायची, की या फोटोंत तिचं काही नाही, आणि तसं काही नसावं यासाठीच ती पगार घेते. मुंगी ही चूक होती आणि ती तिने लगेच दुरुस्त केली होती. पाकीट टपालपेटीत टाकल्यावर मी तिथेच उभी राहिले, कारण आता ती कुठेच सापडणार नाही, याची तजवीज मीच केली होती.

बाबांनी अबोला धरला. म्हणजे बोलायचे, पण घरमालकाने भाडेकरूशी बोलावं तसं. पाणी आलं का. दार लावलंस का. रविवारी ते एकटेच बाजारातून चक्कर मारून आले आणि मला ठाऊक होतं, ते कोपरे बघायला गेले होते. आल्यावर म्हणाले, "दोन बोर्ड उतरवले. आता प्लॅस्टिकचे लावलेत, आत दिवे असलेले."

मग बाईंचा फोन आला. बाबा समोरच होते, म्हणून मी आवाज मोठा केला.

"वकील म्हणाले, तुझ्या त्या दोन वाक्यांवर केस उभी राहत नाही," त्या म्हणाल्या. आवाजात राग नव्हता. "नोटीस मागे घेतोय. आणि वरच्यांनी ठरवलं, की वनस्पतींची सगळी चित्रं मोकळी करायची. कोणीही वापरा, विचारू नका. छपराचं काय ते देव जाणे."

"आणि मुंगी?"

"मुंगी ठेवलीय आम्ही." त्या किंचित हसल्या. "वकील म्हणतात, ते एक तरी मुळाबरहुकूम नाही. तेवढं परवान्याखाली राहील. आणि ऐक, मी वर बोलले. त्या एका चित्राखाली ताईंचं नाव देता येईल. सगळ्यांत जास्त तेच जातं. जगभर जातं. निवेदन नको, सही नको, तुम्ही फक्त हो म्हणा. मला द्यायचंय ग नाव. मनापासून द्यायचंय."

मी बाबांकडे बघितलं. हा निर्णय त्यांचा होता. माझा मी घेऊन बसले होते. त्यांनी हात पुढे केला आणि मी फोन त्यांच्या हातात दिला. त्यांची नजर ब्रशांच्या मगावर होती. वाळलेल्या रंगांच्या ओघळांतून मुंगीचे पुढचे पाय तेवढे दिसत होते.

"मॅडम," ते म्हणाले, "आमच्या धंद्यात एक होतं. बोर्ड वर चढला आणि मग अक्षर चुकलेलं दिसलं, तर मी शिडी लावून आधी कोपऱ्यातलं माझं नाव पुसायचो. मग चूक. उलट कधी केलं नाही."

"काका, लोकांना ती चूक वाटतच नाही."

"तिला वाटायची ना." बाबांनी घसा साफ केला. "त्या मुंगीखाली नको."

"मग कुठेच राहणार नाही नाव."

"हो," बाबा म्हणाले. "कळतंय मला."

फोन ठेवल्यावर मी त्यांच्याजवळ जाऊन बसले. त्यांनी माझ्याकडे न बघता विचारलं, "तुझा निळा खरंच पडला होता?"

"पडला होता."

"आणि तिचा कधीच नाही?"

"मी सगळी पानं बघितली, बाबा."

त्यांनी मान हलवली. संध्याकाळी ते माझ्याबरोबर जेवले.

त्यानंतर शिक्षिकेचा फोन आला. नंबर तिला बोक्याने दिला होता. आवाज खणखणीत, शेवटच्या बाकापर्यंत जाणारा. आभार मानून झाल्यावर ती म्हणाली, "पुस्तक पुन्हा छापतेय. लिंबाचं ते मुंगीवालं चित्र काढून टाकू का? मुलं त्या मुंगीसाठीच पान उघडतात हो."

"मूळ चित्रात ती नाही. तुम्हाला दुसरा फोटो मिळेल, मुंगी नसलेला. तोही आता मोकळा आहे."

"मग काढलीच पाहिजे. झाडं शिकवायची आणि खोटं दाखवायचं, हे बरं नाही." मग हसून म्हणाली, "विचारतील मात्र कार्टी, मुंगी कुठे गेली म्हणून."

"सांगा, चुकून आली होती."

नवी प्रत आली तेव्हा बाबा खिडकीशी होते. मी पुस्तक त्यांच्या हातात दिलं. साधा कागद, पण छपाई काळजीपूर्वक केलेली. लिंबाचं पान आल्यावर ते थांबले. ओला बोर्ड बघायचे तसं त्यांनी पान उजेडाकडे तिरकं केलं आणि फांदी, फूल, देठ असं सगळं सावकाश बघितलं. मग सवयीने नजर खाली गेली, उजव्या कोपऱ्यात. त्यांनी चष्मा वर सरकवला आणि अंगठा ओला करून कागदावर हलकेच घासला.

"इथे डाग आहे," ते म्हणाले.

"तो चित्रातलाच आहे. मूळचा."

बाबांनी अंगठा उचलला, रंग वाळायला ठेवावा तसं पुस्तक खिडकीच्या कट्ट्यावर उघडंच ठेवलं, आणि ब्रश धुवायला घेतले.